कमाई थांबली तर घर कशावर चालेल? नव्याने नोकरीला लागलेल्यांसाठी अपंगत्व विम्याचा मार्गदर्शक

मेडिक्लेम असला म्हणजे सगळे झाले, असे नोकरीला नव्याने लागलेल्या बहुतेकांना वाटते आणि त्यात त्यांचा दोष नाही. विम्याबद्दल आपल्याकडे जे बोलले जाते ते एकतर रुग्णालयाच्या बिलाबद्दल असते किंवा मृत्यूनंतर घरच्यांना मिळणाऱ्या रकमेबद्दल. या दोन्हींच्या मधली अवस्था मात्र फारशी चर्चेत येत नाही. माणूस वाचलेला असतो, उपचार होऊन घरी आलेला असतो, बिलही कोणी ना कोणी भरलेले असते, पण तो मशीनवर उभा राहू शकत नाही, गाडी चालवू शकत नाही किंवा आठ तास खुर्चीत बसू शकत नाही. पगार बंद होतो, परंतु भाडे, किराणा, मुलांची फी आणि कर्जाचा हप्ता यांपैकी काहीही बंद होत नाही, उलट फिजिओथेरपी, औषधे आणि दवाखान्यात जाण्यायेण्याचा खर्च नव्याने सुरू होतो. गमावलेल्या कमाईची ही बाजू ज्याने सांभाळली जाते तो अपंगत्व विमा होय.

आपल्या देशात अडचण अशी आहे की, कारण कोणतेही असो, काम करता येत नसेल तोवर दरमहा पगाराचा ठरावीक हिस्सा देणारी एकच सर्वसमावेशक पॉलिसी सामान्य कामगाराला सहजासहजी मिळत नाही. संरक्षण आहे, पण ते तुकड्यातुकड्यांत विखुरलेले आहे: थोडे कायद्यात, थोडे पगारातून होणाऱ्या कपातीत, थोडे बँक खात्यात, थोडे गाडीच्या विम्यात आणि उरलेले आपण स्वतः विकत घ्यायचे. आपल्याकडे यांपैकी काय आहे आणि काय नाही हे अपघात होण्यापूर्वी माहीत असणे, हाच या लेखाचा उद्देश आहे.

पहिली पायरी: चार प्रश्न समजून घ्या

अपंगत्वाचा कोणताही दावा चार प्रश्नांच्या उत्तरांवर ठरतो. अपंगत्व अपघाताने आले की आजाराने? कामामुळे आले की कामाबाहेर? ते तात्पुरते आहे की कायमचे? आणि पूर्ण आहे की अंशतः? पाय मोडून चार महिने घरी बसावे लागले, तर ते तात्पुरते पूर्ण अपंगत्व. प्रेस मशीनमध्ये तर्जनी गेली, तर ते कायमचे अंशतः अपंगत्व. दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली, तर ते कायमचे पूर्ण अपंगत्व. एकच दुखापत एका योजनेत भरपाईला पात्र ठरते आणि दुसऱ्या योजनेत एक रुपयाही मिळवून देत नाही, याचे कारण या चार प्रश्नांत असते.

टक्केवारीबाबतचा एक गोंधळ येथेच दूर करणे आवश्यक आहे. सरकारी रुग्णालयातून मिळणाऱ्या दिव्यांगत्व प्रमाणपत्रावरील टक्केवारी शरीराच्या हानीची असते. कामगार भरपाईच्या कायद्यात महत्त्व असते ते कमावण्याच्या क्षमतेत झालेल्या घटीला, आणि हे दोन आकडे एकसारखे असतीलच असे नाही. सर्वोच्च न्यायालयासमोर १९७५ मध्ये निकाली निघालेले एका सुताराचे प्रकरण या बाबतीत आजही मार्गदर्शक मानले जाते. चित्रपटगृहात सजावटीचे काम करताना तो पडला आणि त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. मालकाचे म्हणणे असे की, एक हात गेला म्हणजे अपंगत्व अंशतःच आहे. न्यायालयाने ते मानले नाही. सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून या माणसाची कमावण्याची क्षमता शंभर टक्के गेली, असा निर्णय कायम राहिला. तोच हात एखाद्या लेखनिकाचा गेला असता, तर उत्तर कदाचित वेगळे आले असते. म्हणून आपण नेमके कोणते काम करतो हे नियुक्तिपत्रात स्पष्ट लिहिलेले असणे फार मोलाचे आहे. प्रत्यक्षात वेल्डिंग करणाऱ्याच्या नियुक्तिपत्रात ‘मदतनीस’ एवढेच लिहिलेले असेल, तर पुढे दाव्याच्या वेळी त्याचा त्रास होतो.

दुसरी पायरी: पगारपत्रकात ई.एस.आय.ची कपात शोधा

ज्यांचा मासिक पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ज्यांच्या आस्थापनेला राज्य कामगार विमा योजना (ई.एस.आय.) लागू आहे, त्यांच्या हाती देशातले सर्वांत भक्कम अपंगत्व संरक्षण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी ही पगारमर्यादा २५,००० रुपये आहे. १ जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. बारा हजार पगारावर महिन्याला नव्वद रुपये जातात. त्या नव्वद रुपयांत काय काय येते ते पाहावे.

कामावर दुखापत झाली आणि त्यामुळे काम करता येत नसेल, तर सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के दराने तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मिळतो, आणि तो अपंगत्व टिकेल तोवर मिळत राहतो. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बुडालेले असावे, एवढीच अट. नव्या कामगाराने विशेष लक्षात ठेवावे की, या लाभासाठी आधी अमुक महिने वर्गणी भरलेली असण्याची गरज नाही. नोकरीच्या पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हक्क लागू होतो. अपंगत्व कायमचे राहिले, तर वैद्यकीय मंडळ कमावण्याच्या क्षमतेतील घट ठरवते आणि त्या प्रमाणात आयुष्यभर मासिक रक्कम मिळते. मंडळाने ठरवलेली टक्केवारी मान्य नसेल, तर अपील करता येते.

आजारपणाचे नियम निराळे आहेत. कामाबाहेरची दुखापत किंवा आजार यांसाठी पगाराच्या ७० टक्के दराने वर्षाला ९१ दिवसांपर्यंत लाभ मिळतो, परंतु त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते, आणि नव्याने दाखल झालेल्याचा पहिला लाभ कालावधी, म्हणजे हा लाभ मागता येतो तो काळ, नोकरीला लागल्यापासून नऊ महिन्यांनी सुरू होतो. म्हणजे सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवरून पडून पाय मोडला आणि नोकरीला पाचच महिने झाले असतील, तर रोख लाभ मिळणार नाही. कर्करोग, क्षयरोग, पक्षाघात यांसारख्या ठरवून दिलेल्या ३४ दीर्घ आजारांसाठी ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत विस्तारित लाभ आहे, पण त्यालाही आधीच्या सलग नोकरीची आणि वर्गणीची अट आहे. आजारपणाचा किंवा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना मालकाने कामगाराला कामावरून काढू नये, असे बंधन राज्य कामगार विमा कायद्यातच घातलेले आहे. हे कितीतरी कामगारांना कोणी सांगतच नाही.

येथे तीन गोष्टी स्वतः तपासाव्यात. पहिली, विमा क्रमांक आणि ई-पहचान पत्र (योजनेचे ओळखपत्र) हातात आहे का, आणि त्यावरची नोंदणीची तारीख रुजू झाल्याच्या तारखेशी जुळते का. काही ठिकाणी कामगाराची नोंदणी अपघात झाल्यावर घाईघाईने केली जाते आणि मग रुग्णालयात पोहोचेपर्यंत कागदांचा मेळ बसत नाही. हा प्रकार अत्यंत गंभीर आहे आणि तो टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे पहिल्या पगाराआधीच क्रमांक मागून घेणे. दुसरी, वर्गणी खऱ्या पगारावर भरली जाते का. हातात सतरा हजार मिळत असतील आणि कागदावर दहाच दाखवले असतील, तर लाभही दहावरच मोजला जाणार. तिसरी, कंत्राटदारामार्फत कामाला असाल, तर कोणत्या नावाने वर्गणी भरली जाते ते विचारा. कंत्राटदाराने भरली नाही, तर मूळ मालकाची जबाबदारी संपत नाही.

आणखी एक वळण नव्यांच्या ध्यानात येत नाही. पगारवाढ होऊन २१,००० ची मर्यादा ओलांडली, की चालू वर्गणी कालावधी संपेपर्यंत संरक्षण राहते आणि त्यानंतर सुटते. वाढीचा आनंद योग्यच आहे, पण त्याच महिन्यात स्वतःच्या विम्याची सोय करणे हे त्या वाढीतले पहिले खर्चाचे काम समजावे.

तिसरी पायरी: ई.एस.आय. नसेल तर मालकाची कायदेशीर भरपाई

ज्यांना ई.एस.आय. लागू नाही त्यांच्यासाठी १९२३ पासून चालत आलेला कर्मचारी भरपाईचा कायदा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली असून हा कायदा आणि राज्य विम्याचा (ई.एस.आय.) कायदा हे दोन्ही आता त्या संहितेत सामावले गेले आहेत. भरपाई मोजण्याची मूळ रीत मात्र ओळखीचीच आहे. दोन्हीकडून एकाच दुखापतीची भरपाई घेता येत नाही, ई.एस.आय. असलेल्याने तेथेच जायचे असते.

कायमच्या पूर्ण अपंगत्वाला मासिक पगाराच्या ६० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला गुणक, अशी भरपाई निघते. पगार कितीही असला, तरी हिशेबासाठी तो जास्तीत जास्त १५,००० धरण्याची मर्यादा जानेवारी २०२० मध्ये ठरवण्यात आली. अशा मर्यादा अधिसूचनेने बदलतात, म्हणून दाव्याच्या वेळी कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून चालू आकडा विचारून घ्यावा.

एक उदाहरण आकड्यांसह पाहू. चाकणच्या एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्यात पॉवर प्रेसवर काम करणारा तीस वर्षांचा कामगार आहे, पगार १८,००० रुपये. प्रेसमध्ये सापडून त्याची संपूर्ण तर्जनी जाते. कायद्याच्या अनुसूचीत संपूर्ण तर्जनी गमावण्यासाठी १४ टक्के क्षमताहानी धरलेली आहे. वयाच्या तिसाव्या वर्षीचा गुणक २०७.९८ आहे. १५,००० चे ६० टक्के म्हणजे ९,०००. त्याला गुणकाने गुणले, तर पूर्ण अपंगत्वाची रक्कम १८,७१,८२० रुपये येते आणि तिचे १४ टक्के म्हणजे सुमारे २,६२,००० रुपये. ही रक्कम एकदाच मिळते. आता हाच कामगार ई.एस.आय.खाली असेल आणि त्याची सरासरी रोजची मजुरी ६०० रुपये धरली, तर जखम भरेपर्यंत रोज ५४० रुपये आणि त्यानंतर आयुष्यभर रोज ७५ रुपये ६० पैसे, म्हणजे महिन्याला साधारण २,२६८ रुपये. आणि त्याच्याकडे फक्त बँकेचा वीस रुपयांचा अपघात विमा (पाचव्या पायरीतली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना) असेल, तर बोटासाठी काहीच नाही. बोट तेच आणि कामगारही तोच, तरी तीन ठिकाणी उत्तरे तीन आली.

तात्पुरत्या अपंगत्वासाठी मालकाने दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या २५ टक्के रक्कम द्यायची असते, आणि ती जास्तीत जास्त पाच वर्षे. भरपाई देय झाल्यापासून महिनाभरात दिली नाही, तर १२ टक्के व्याज आणि समाधानकारक कारण नसल्यास दंडही लागू शकतो. कामगार दारूच्या नशेत होता किंवा त्याने सुरक्षेचे साधन मुद्दाम काढून टाकले, असे मालक म्हणू शकतो, परंतु मृत्यू आणि कायमचे पूर्ण अपंगत्व या दोन परिस्थितींत हे बचाव १९२३ च्या कायद्याने अमान्य केलेले आहेत. प्रेसचे संरक्षक कवच ‘उत्पादन वाढावे’ म्हणून पर्यवेक्षकाने काढायला लावले असेल, तर ती गोष्ट त्याच दिवशी एखाद्या सहकाऱ्याला मोबाइलवर लिहून पाठवावी. पुढे अंशतः अपंगत्वाच्या दाव्यात हाच मजकूर उपयोगी पडतो.

सिलिकोसिस, कापसाच्या तंतूंमुळे होणारा फुप्फुसाचा विकार, सततच्या आवाजाने येणारा बहिरेपणा असे व्यवसायजन्य आजारही कायद्याच्या यादीत आहेत आणि त्यांना कामावरील दुखापतीसारखेच मानले जाते. दगडखाणीत, गिरणीत किंवा फाउंड्रीत काम करणाऱ्यांनी छातीचा एक्स-रे आणि श्रवण तपासणीचे जुने अहवाल जपून ठेवावेत, कारण आजार कामावर असताना सुरू झाला हे दाखवण्याचा तोच आधार असतो.

घर ते कारखाना या वाटेवरच्या अपघाताचे काय, हा प्रश्न फार विचारला जातो. राज्य विम्याच्या कायद्यात २०१० पासून प्रवासातील अपघात, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, कामावरचाच मानला जातो. भरपाई कायद्याबाबत संदिग्धता होती. ती २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मराठवाड्यातील एका साखर कारखान्याच्या चौकीदाराच्या प्रकरणात दूर केली. २००३ साली पहाटे तीनच्या पाळीसाठी तो मोटारसायकलवरून निघाला होता आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. उच्च न्यायालयात हरलेल्या कुटुंबाला सर्वोच्च न्यायालयाने भरपाई पुन्हा मिळवून दिली. मात्र वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध सिद्ध व्हावा लागतो. पाळीला जाताना वाट वाकडी करून दुसऱ्याच गावाला गेलेल्यास हा आधार मिळेलच असे नाही.

चौथी पायरी: भविष्य निर्वाह निधीकडून काय मिळते, काय नाही

येथे सर्वांत मोठा गैरसमज आहे. निधीशी जोडलेल्या ठेव संलग्न विमा योजनेत सात लाखांपर्यंत रक्कम मिळते हे बरोबर, पण ती केवळ सदस्याच्या मृत्यूनंतर. अपंगत्वाला त्यात काहीही नाही. अपंगत्वाचा संबंध येतो तो कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ शी. नोकरीत असताना कायमचे आणि पूर्ण अपंगत्व आले, तर एका महिन्याची वर्गणी भरलेल्या सदस्यालाही निवृत्तिवेतन मिळू शकते. किमान रक्कम महिन्याला १,००० रुपये आहे, म्हणजे घर चालवायला ती अपुरीच. तरीही ती आयुष्यभर मिळते, म्हणून सोडू नये.

पाचवी पायरी: आधीच असलेली छोटी कवचे मोजा

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत, १८ ते ७० वयोगटासाठी आहे. दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय गमावल्यास, तसेच एक डोळा आणि एक हात किंवा पाय गमावल्यास २ लाख, आणि एक डोळा किंवा एक हात किंवा एक पाय गमावल्यास १ लाख रुपये मिळतात. हप्ता मेअखेर खात्यातून आपोआप जातो आणि कवच १ जून ते ३१ मे असते. त्या दिवसांत खात्यात वीस रुपये नसले, की विमा खंडित होतो. पगाराचे खाते बदलल्यावर जुने खाते रिकामे पडते आणि विमा गेल्याचे कळतही नाही, असे फार होते. अनेक खात्यांतून हप्ता गेला, तरी दावा एकच मिळतो.

दुचाकी वा चारचाकी स्वतःच्या नावावर असेल, तर मालक-चालकासाठीचा १५ लाखांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा पॉलिसीत आहे का, ते पाहावे. गाडी चालवताना एक हात वा पाय किंवा एका डोळ्याची दृष्टी गेल्यास निम्मी आणि दोन अवयव वा दोन्ही डोळे गेल्यास पूर्ण रक्कम मिळते, पण वैध परवाना नसेल तर नाही. विमा स्वस्त करण्याच्या नादात हा भाग वगळून घेतलेला असतो, म्हणून पॉलिसीचा कागद उघडून खात्री करावी.

बांधकामावर गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केलेल्यांनी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून ती दरवर्षी जिवंत ठेवावी. मंडळाच्या योजनांत कायमच्या अपंगत्वाला अर्थसाहाय्य आहे. गावी सातबारावर नाव असलेला खातेदार आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांना गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना लागू होते. शहरात नोकरी करणाऱ्या मुलाने आपल्या आईवडिलांना ही माहिती आवर्जून द्यावी, कारण प्रस्ताव तीस दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो.

सरकारी नोकरीत असलेल्यांना आणखी एक आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने काढून टाकायचे किंवा खालच्या पदावर आणायचे नसते. जमेल अशा पदावर त्याच वेतनात सामावून घ्यायचे असते. खासगी नोकरीत ही हमी नाही, आणि म्हणूनच पुढची पायरी खासगी नोकरदाराला अधिक गरजेची आहे.

सहावी पायरी: राहिलेली पोकळी भरणारी पॉलिसी निवडा

वरची सगळी कवचे एकत्र मांडली, की पोकळी दोन ठिकाणी दिसते: कामाबाहेरचा अपघात आणि काम थांबवणारा आजार.

अपघातासाठी वैयक्तिक अपघात विमा घ्यावा. भारतीय विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून ‘सरल सुरक्षा विमा’ नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना विकायला लावली आहे. अडीच लाखांपासून एक कोटीपर्यंत विमा रक्कम घेता येते. मूळ पॉलिसीत मृत्यू, कायमचे पूर्ण आणि कायमचे अंशतः अपंगत्व येते. तात्पुरत्या पूर्ण अपंगत्वाचा लाभ ऐच्छिक आहे. तो घेतला, तर विमा रकमेच्या ०.२ टक्के दर आठवड्याला, जास्तीत जास्त १०० आठवडे मिळतात. दहा लाखांच्या पॉलिसीवर आठवड्याला दोन हजार रुपये. विक्रेता हा ऐच्छिक भाग बहुधा सांगत नाही, आणि माझ्या मते पगारावर जगणाऱ्याने आग्रहाने मागावा असा भाग हाच आहे, कारण हात किंवा पाय कायमचा जाण्यापेक्षा हाड मोडून काही महिने घरी बसण्याची वेळ कितीतरी अधिक जणांवर येते.

आजाराने येणारे अपंगत्व या पॉलिसीत येत नाही. पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणे, मणक्याचा क्षयरोग हे अपघात नव्हेत. त्यासाठी गंभीर आजार विमा असतो, जो यादीतील आजाराचे निदान झाल्यावर ठरलेली रक्कम एकरकमी देतो. त्यातही अटी आहेत: पॉलिसी घेतल्यानंतर साधारणपणे ९० दिवसांचा प्रतीक्षा कालावधी असतो, आणि पक्षाघाताच्या बाबतीत मज्जासंस्थेची कायमची हानी किमान तीन महिने टिकल्याचा पुरावा लागतो. कंबरदुखी, सांधेदुखी किंवा मानसिक आजार यांनी काम थांबले, तर या पॉलिसीतूनही बहुधा काही मिळत नाही. त्यासाठी सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी शिल्लक बाजूला ठेवणे, हाच आजघडीला व्यवहार्य उपाय आहे.

आयुर्विम्याची पॉलिसी असेल किंवा घ्यायची असेल, तर अपघाती अपंगत्वाचा आणि हप्तामाफीचा रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडून घ्यायचे जादा कवच, विचारावा. आयुर्विमा महामंडळाच्या अपघाती मृत्यू व अपंगत्व लाभ रायडरमध्ये अपघाताने कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास रक्कम दहा वर्षांत समान मासिक हप्त्यांनी मिळते आणि पुढचे हप्ते माफ होतात. दरमहा येणारा पैसा एकरकमी पैशापेक्षा घर चालवायला अधिक उपयोगी पडतो. मोठी रक्कम हाती आली, की ती उसनवारीत, नातेवाइकांच्या अडचणीत आणि घाईच्या गुंतवणुकीत लवकर संपते.

रक्कम किती घ्यावी, याचा हिशेब साधा आहे. घरखर्च, भाडे आणि हप्ते मिळून महिन्याला २२,००० रुपये लागत असतील आणि धाकटे मूल कमावते व्हायला दहा वर्षे असतील, तर २६,४०,००० रुपये ही किमान गरज झाली. त्यातून नोकरीतून मिळणारे कवच वजा करून उरलेल्याची पॉलिसी घ्यावी. कंपनीचा गट अपघात विमा असेल, तर मनुष्यबळ विभागाकडून त्याच्या अटींचा कागद मागून घ्यावा आणि नोकरी सुटल्यावर तो संपतो हे गृहीत धरूनच हिशेब करावा.

सातवी पायरी: अर्ज भरताना खोटे लिहू नका, कोणालाही लिहू देऊ नका

अपघात विम्याचा हप्ता कामाच्या जोखमीवर ठरतो. कार्यालयात बसणाऱ्याचा दर कमी, यंत्रावर काम करणाऱ्याचा किंवा वाहनचालकाचा जास्त आणि उच्चदाब वीजवाहिनीवर किंवा खाणीत काम करणाऱ्याचा त्याहून जास्त असतो. हप्ता कमी यावा म्हणून विक्रेत्याने क्रेनचालकाच्या अर्जात ‘पर्यवेक्षक’ लिहिले, तर वाचलेले काहीशे रुपये पुढे लाखोंच्या दाव्यावर उलटू शकतात. अर्ज स्वतः वाचावा, प्रत ठेवावी आणि काम बदलले तर कंपनीला लेखी कळवावे. मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया काहीही दडवू नये.

पॉलिसी हातात आल्यावर दोन मुद्दे पाहावेत. अपघातानंतर किती काळात अपंगत्व प्रकट व्हायला हवे, ही मुदत एक. बऱ्याच पॉलिसींत ती १८० दिवस किंवा बारा महिने असते. आणि वगळलेल्या बाबी: नशा, परवान्याशिवाय वाहन चालवणे, स्वतःहून करून घेतलेली इजा, साहसी खेळ. अंशतः अपंगत्वाचा तक्ताही उघडून पाहावा. ज्यांचे पोट हाताच्या बोटांवर आहे त्यांनी तक्त्यात बोटांना किती टक्के दिले आहेत, हे वाचल्याशिवाय सही करू नये.

आठवी पायरी: प्रसंग आलाच तर

कारखान्यातील अपघाताची नोंद त्याच दिवशी अपघात नोंदवहीत करून घ्या आणि त्या पानाचे छायाचित्र ठेवा. मालकाने ई.एस.आय.च्या शाखा कार्यालयाला अपघाताचा अहवाल दिला का, ते घरच्यांपैकी कोणीतरी जाऊन विचारावे. रुग्णालयात ‘घरी पडलो’ असे कधीही सांगू नका. साहेबाच्या सांगण्यावरून, नोकरी टिकावी या आशेने असे सांगितले जाते, आणि केसपेपरवरची ती एक ओळ पुढे सगळा हक्क घालवते. रस्त्यावरचा अपघात असेल, तर पोलीस ठाण्यातील नोंद आणि पंचनामा यांच्या प्रती घ्याव्यात. केसपेपर, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, पगारपत्रके, हजेरीचा पुरावा आणि पुढे जिल्हा शल्यचिकित्सकांमार्फत मिळणारे दिव्यांगत्व प्रमाणपत्र एकाच फाइलमध्ये असावे.

मुदती कडक आहेत. सुरक्षा विमा योजनेचा दावा अपघातापासून तीस दिवसांत बँकेत द्यायचा असतो. खासगी पॉलिसीत कळवण्याची मुदत पॉलिसीवर लिहिलेली असते. कागद पूर्ण नसले, तरी ई-मेलने किंवा टोल फ्री क्रमांकावर तात्काळ कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. भरपाई कायद्याखाली मालकाला सूचना लगेच द्यावी आणि आयुक्तांकडे दावा दोन वर्षांच्या आत करावा. मालकाने ‘घरातल्या घरात मिटवू’ म्हणून कोऱ्या कागदावर सही मागितली, तर ती देऊ नये. परस्पर झालेला भरपाईचा समझोता आयुक्तांकडे नोंदवावा लागतो आणि रक्कम अपुरी वाटल्यास ते ती नोंद नाकारू शकतात.

विमा कंपनीने दावा फेटाळला, तर आधी कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्यावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रासाठी लोकपालाची कार्यालये मुंबई, ठाणे आणि पुणे येथे आहेत, आपला भाग कोणत्या कार्यालयाकडे येतो ते आधी विचारून घ्यावे. ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांची तेथे दखल घेतली जाते. शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीने दावा नाकारल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला तर लोकपालाचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. ई.एस.आय.च्या लाभाचा वाद मात्र लोकपालाकडे जात नाही. त्यासाठी कामगार विमा न्यायालय आहे, आणि युनियनचा प्रतिनिधी तेथे कामगाराच्या वतीने उभा राहू शकतो.